येणाऱ्या माणसाची जागा

तुम्ही कधी फलाटाला लागणाऱ्या एसटीच्या खिडकीतून आत दस्ती फेकली आहे का? फेकली नसेल, तर कोणाला तरी फेकताना पाहिलं तरी असेलच. गाडी अजून पुरती थांबलेली नसते, दाराशी रेटारेटी चाललेली असते, आणि एखादा माणूस बाहेरूनच काच सरकवून कापडाचा एक तुकडा सीटवर टाकतो. मग तो निवांत. तो आत पोचेपर्यंत त्या जागेवर कोणी बसत नाही.

तो कापडाचा तुकडा म्हणजे मी. मी एक दस्ती बोलतेय. दुसरीकडचे लोक मला रुमाल म्हणतात. आमच्या हिंगोलीकडे दस्तीच म्हणतात.

माझा जन्म नरसी नामदेवच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यावर झाला. मी मुळात थावरा नावाच्या माणसाच्या डोक्यावरचा लाल पटका होते. थावरा गेल्यावर तो पटका पेटीच्या तळाशी बरीच वर्षं पडून होता. मग थावराचा मुलगा देविदास हिंगोलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागला, तेव्हा त्याच्या आईनं, चंदाबाईनं, तो पटका बाहेर काढला. जिथं कापड विरलं नव्हतं तिथला एक चौकोन कापला, कडेनं पिवळ्या-हिरव्या दोऱ्यानं टीप घातली आणि एका कोपऱ्याला एक कवडी शिवली.

"कवडी कशाला, याडी?" देविदासनं विचारलं. आईला ते याडी म्हणतात. घरात ते आपल्या गोर बोलीत बोलतात, मी तुमच्यासाठी मराठीत सांगतेय.

"हरवली तर ओळखू येईल," चंदाबाई म्हणाली. "आन तू हरवलास तर तू बी ओळखू येशील."

मग तिनं विचारलं, "तिथं शिकवतोस तरी काय?"

"तत्त्वज्ञान. म्हणजे खरं काय, खोटं काय, माणसानं कसं वागावं, ते."

"याचा पगार देतात?"

"देतात."

चंदाबाईनं दोरा दातानं तोडला. "बरं हाय," म्हणाली.

त्या दिवसापासून देविदासला सगळे सर म्हणायला लागले, आणि मी सरांच्या खिशात राहायला लागले.

दस्तीचं आयुष्य काही मोठं नसतं. घाम पुसायचा, डबा बांधायचा, उन्हात डोक्यावर बसायचं, फुफाटा उडाला की नाकावर. एकदा एका बाईच्या कडेवरच्या लेकराला गाडी लागली, तेव्हा सरांनी मला पुढं केलं. नंतर त्यांनी मला नळाखाली दोनदा धुतलं, तरी बाईच वरमून म्हणत होती, "सर, नवी घेऊन देते." सर म्हणाले, "याच्यासाठीच असते ती." मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

पण माझं खरं काम जागा धरायचं. कवडीच्या वजनामुळे मी जिथं फेकतील तिथंच पडायचे. बाकीच्या दस्त्या वाऱ्यानं घसरून खाली जायच्या, मी नाही जायचे.

आणि मी जागा धरायचे ती दगडोबांसाठी.

दगडोबा नरसीचे. हिंगोलीच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर कामाला. मोंढा म्हणजे घाऊक बाजार, तोही हळदीचा, त्यामुळं त्यांच्या बोटांच्या पेरांतून हळद कधी गेलीच नाही. सकाळची मुक्कामी गाडी आमच्या तांड्याच्या फाट्यावर यायची तेव्हा अर्धी रिकामी असायची. सर चढायचे, दोघांच्या सीटवर बसायचे, आणि मला शेजारी, खिडकीकडं ठेवायचे. नरसीला गर्दी चढायची. देवदर्शन करून निघालेली माणसं, शाळा-कॉलेजची पोरं, बाजारच्या टोपल्या. सगळ्यात शेवटी दगडोबा. मला उचलायचे, माझ्याच अंगानं तोंड पुसायचे, आणि म्हणायचे, "सरका, सर."

"दगडोबा, ती दस्ती हाय, पोतं न्हाई."

"मंग मी काय पोत्यानं तोंड पुसू?"

असं रोज. माझ्या लाल रंगावर पिवळे डाग पडत गेले, ते असे. सरांच्या बायकोनं, निताताईंनी, ते काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. हळद ती हळद.

त्या सीटवर मी जितकं तत्त्वज्ञान ऐकलं तितकं कॉलेजच्या वर्गातही ऐकलं नसेल. सर एखादा प्रश्न काढायचे आणि दगडोबा त्याला शेंगा सोलल्यासारखं सोलायचे. कधी दाणा निघायचा, कधी नुसतं टरफल.

एकदा सर म्हणाले, "दगडोबा, मला एक सांगा. ही दस्ती इथं ठेवली की लोक समजतात, इथं कोणीतरी बसलेलं हाय. पण कोणी बसलेलं नसतं. मग ही खोटं बोलते का?"

मी कान टवकारले. आपल्याबद्दल असं कोणी समोरच विचारलं की कसं वाटतं, तुम्हाला माहीत असेल.

"मी येतो ना नरसीला?" दगडोबा म्हणाले.

"येता."

"मंग ती खरं बोलते. ज्या दिवशी मी येणार न्हाई, त्या दिवशी ती खोटी."

"म्हणजे तिचं खरं-खोटं तुमच्या पायांत हाय?"

"आन तुमच्या हातात. फेकता तुमीच ना?"

दोघंही हसले. माझ्याबद्दलचा निकाल मात्र कोणी दिला नाही.

दुसऱ्या एका दिवशी सरांनी विचारलं, "घरी जो माणूस सख्ख्या भावाला वीतभर बांध सोडत न्हाई, तोच गाडीत अनोळखी माणसाला अर्धी सीट देतो. काहून?"

"कारण सीट घरी नेता येत न्हाई, सर."

सरांनी ते वाक्य वर्गात सांगितलं. कोणी सांगितलं तेही सांगितलं. तसे ते सरळ माणूस. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता, आणि त्या नेमाचा त्यांना थोडा अभिमानही होता. मी त्यांच्या खिशात, छातीला लागून असायचे, म्हणून मला तो जाणवायचा.

अशाच एका सकाळी दगडोबांनी त्यांना आपल्या मनातलं सांगितलं. त्यांची मुलगी प्रियंका लहान असताना तिला फिट यायच्या. नांदेडला औषधपाणी केलं. हळूहळू बंद झालं. आता कितीतरी वर्षं काहीच नाही, गोळीसुद्धा नाही.

"पण सर," दगडोबा म्हणाले, "तिच्यासाठी स्थळ बघून राहिलो ना, म्हणून रात्री डोळा लागत न्हाई. हे कोणाला बोललो न्हाई. तुमच्याजवळ बोलून ठेवलं."

सर म्हणाले, "माझ्याजवळ राहील."

त्या वेळी मी दगडोबांच्या मुठीत होते. त्यांनी मला घट्ट धरलेलं होतं.

पुढं स्थळ आलं आणि जमतही आलं. मुलाकडच्यांना मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. मोंढ्यात हळदीची गर्दी असतानाही दगडोबांनी एक दिवस रजा घेतली आणि ते बायकोला, सखुबाईला, घेऊन साखरपुड्याचं कापड आणायला नांदेडला गेले.

त्या सकाळी सर नेहमीसारखे गाडीत चढले आणि सवयीनं मला खिडकीकडं ठेवून बसले. मागून एक धोतरवाले पाहुणे आले. कोणी येणार हाय का, म्हणून त्यांनी विचारलं. सरांना आठवलं.

"आज न्हाई येणार. बसा," म्हणाले, आणि मला उचलून खिशात घातलं, कवडीचा कोपरा तेवढा बाहेर राहिला.

ते पाहुणे मुलाचे मामा निघाले. मुक्कामी गाडी जिथं थांबते त्या गावात ते रात्री एका सोयऱ्याकडं राहिले होते, चौकशीसाठीच. आपल्याकडं ही रीतच आहे. लग्न ठरायच्या आधी गावात, शेजारात, गाडीत, पानाच्या टपरीवर, कोणाला तरी विचारायचं. लग्नाच्या घरचा माणूस सोडून सगळ्यांना विचारतात.

"सर, तुमी दगडोबांच्या बसण्या-उठण्यातले," मामा म्हणाले. "पोरीबद्दल काही असलं तर सांगा. तुमी खोटं बोलत न्हाई म्हणतात."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. त्या वाक्यानं सर ताठ झाले.

सरांनी मामांकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "लहानपणी तिला फिट यायच्या. औषधानं बऱ्या झाल्या. आता कितीतरी वर्षं झाली, काही तकलीफ न्हाई. पोरगी हुशार हाय, मनमिळाऊ हाय. तुमचं घर सांभाळील."

पण पहिलं वाक्य ऐकलं आणि मामा खिडकीबाहेर बघायला लागले. पुढची वाक्यं त्यांच्या कानांवरून गेली. आत शिरली नाहीत. मी ते पाहिलं. सरांनीही पाहिलं असावं, कारण शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

चार दिवसांत मुलाकडून निरोप आला की यंदा आमचा विचार नाही. आणि कारण विचारल्यावर मामांनी सरांचं नाव सांगून टाकलं.

दुसऱ्या सकाळी मी सीटवर होते. नरसीला दगडोबा चढले. सीटजवळ आले, पण मला उचललं नाही.

"सर, तुमी सांगितलं?"

"व्हय," सर म्हणाले.

"बरं."

एवढंच. मग त्यांनी मला उचललं, तोंड पुसलं नाही, नीट चौघडी केली आणि सरांच्या गुडघ्यावर ठेवली. मागं गेले आणि दांडा धरून उभे राहिले. हिंगोलीपर्यंत उभे.

त्यानंतर रोज तसंच. सर रोज मला खिडकीकडं ठेवायचे. दगडोबा रोज बाजूनं निघून जायचे. संध्याकाळी हिंगोलीच्या स्टँडवर सर मला खिडकीतून फेकायचे, कवडी सीटवर टक्‌ करून वाजायची, आणि ती जागा नरसीपर्यंत रिकामी यायची. पावसाळा आला आणि गेला. रानातली सोयाबीन निघाली. कोणी विचारलं, "इथं कोण हाय?" तर सर म्हणायचे, "येणार हाय."

मी त्या दिवसांत खरं बोलत होते की खोटं, माझं मलाच कळत नव्हतं.

गाडीच्या कंडक्टर संगिताबाई. बोलायला फटकळ, पण मनानं बराबर. त्यांनी बरेच दिवस पाहिलं आणि एक दिवस सरांपुढं उभ्या राहिल्या.

"सर, ही सीट रोज खाली जाऊन राहिली. कोण येणार हाय?"

"येणार हाय एक माणूस."

"कवा?"

"येईल तवा."

"माणसं उभी हायत आन दस्ती बसून चालली. तिला बी तिकीट फाडू का?"

गाडी हसली. सरही कसनुसे हसले. पण खरी गोष्ट अशी की त्या गाडीतला एकही माणूस मला उचलून त्या जागेवर बसला नाही. दस्ती ठेवलेली जागा कोणी घेत नाही. आपल्या लोकांच्या पुष्कळ खोडी मी पाहिल्या आहेत, पण हा एक कायदा ते कुठंही न लिहिता पाळतात.

सर एकदा दगडोबांच्या घरी गेले. सखुबाईंनी चहा दिला, बसा म्हणाल्या आणि आत गेल्या. दगडोबा शेतातून आलेच नाहीत. चहा निवला तरी सर कप धरून बसले होते.

त्या रविवारी ते अंगणात चंदाबाईजवळ बसले. मी वलणीवर वाळत होते, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"याडी, मी खोटं बोलायला पाहिजे होतं का?"

"खोटं बोल म्हणलं कोणी?"

"मग खरं बोललो तर माझं काय चुकलं? उद्या लग्न झाल्यावर त्यांना कळलं असतं तर?"

चंदाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुझ्या बापाचा आजा लदेणीचा माणूस होता," ती म्हणाली. "बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलुखामुलुखात फिरायचा. कोणाचं मीठ, कोणाचं धान्य. सावकार गोणीचं तोंड शिवून द्यायचा. वाटेत कोणी इचारलं की गोणीत काय हाय, तर आपली माणसं काय म्हणायची?"

"काय?"

"माल धन्याचा, धन्याला इचारा. खोटं न्हाई बोलायची. आन गोणी बी न्हाई खोलायची. म्हणून तर सगळा मुलूख आपल्या बैलांवर माल द्यायचा. तुझ्या पाठीवर त्या माणसानं गोणी टाकली, देविदास, आन तू वाटेत उसवून दाखवली. वर म्हणतोस, मी खोटं न्हाई बोललो."

कोंबड्या सुपाजवळ आल्या, चंदाबाईनं त्यांना हाकललं.

थोड्या वेळानं सर म्हणाले, "त्याच्या घरी जाऊन आलो मी."

"घरात जाऊन हळूच काय बोलतोस? तांड्यात कोणाचं नुकसान झालं तर नायकापुढं, चार माणसांत उभं राहून चुकलं म्हणायचं. गोणी जिथं उसवली तिथंच शिवायची."

"गाडीत? सगळ्यांपुढं बोललो तर ती गोष्ट अजून चार माणसांना कळेल."

"मग चूक सांग आन गोणी झाक. एवढं शिकलास, एवढं येत न्हाई?"

त्या रात्री निताताईंनी मला इस्त्री केली. का ते मला माहीत नाही.

तरी सरांच्यानं बोलवेना. रोज दगडोबा बाजूनं जायचे, रोज सर उठायला पुढचा दांडा धरायचे आणि परत सोडायचे. मी शेजारी सीटवर असायचे, मला दिसायचं. वर्गात तासभर सत्यावर बोलणारा माणूस, त्याला एक वाक्य जमत नव्हतं.

मग दिवाळीच्या तोंडावरची ती संध्याकाळ आली. हिंगोलीच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. पिशव्या, आकाशकंदील, साड्यांचे खोके, लाह्या-बत्ताशांच्या पुड्या. गाडी लागली आणि सरांनी मला खिडकीतून फेकलं. मी बरोबर पडले. दगडोबा नंतर चढले, बाजूनं गेले आणि मागं माणसांत उभे राहिले.

आणि त्यांच्या मागून प्रियंका चढली.

मी तिला पूर्वी एक-दोनदा पाहिलं होतं. अंगानं बारीक, डोळे बापासारखे. हातात एक पिशवी. हिंगोलीत रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये तिला काम मिळालं होतं, तेच पक्कं करून ती परत निघाली होती. बापाजवळ मागं जायला वाटच नव्हती. ती आमच्या सीटपाशी अडकून उभी राहिली. तिनं मला पाहिलं.

"सर, इथं कोण येणार हाय?"

"तुझे बाबा," सर म्हणाले.

"ते तर मागं उभे हायत."

आसपासचे हसले. कोणीतरी म्हणालं, "पोरी, ती जागा दस्तीचीच हाय. पास काढलाय तिनं."

प्रियंका हसली नाही. "येणार न्हाईत हे तुमाला ठाऊक असून रोज येणार हाय म्हणता," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मंग हे खरं का खोटं?"

सरांचा हात मला शोधत सीटवर आला आणि माझ्यावर थांबला. मग ते उठून उभे राहिले. पुढच्या सीटचा दांडा धरला आणि मागं तोंड केलं.

"दगडोबा," ते म्हणाले.

संगिताबाई तिकिटं फाडत होत्या, त्या थांबल्या.

"तुमी माझ्याजवळ एक ठेव ठेवली होती. इथंच, या सीटवर. म्या ती परक्याला खोलून दाखवली. काय होतं ते मी कोणाला सांगणार न्हाई, आता न्हाई आन पुढं बी न्हाई. पण ती माझी नव्हती. मी खरं बोललो असं स्वतःला सांगत राहिलो. खरं बोलायचा हक्क माझा नव्हता, तो धन्याचा होता. माझं चुकलं. चार माणसांत सांगून राहिलो."

गाडीत एवढी माणसं, पण कोणी 'काय ठेव?' म्हणून विचारलं नाही. एरवी शेजारच्याच्या डब्यात भाजी कोणती हे वाकून बघणारी हीच माणसं. एक म्हातारा तेवढं म्हणाला, "असं व्हय." संगिताबाईंनी उगीचच तिकिटाचं यंत्र झटकलं.

दगडोबा खिडकीबाहेर बघत होते.

संगिताबाईंनी घंटी दिली. गाडी हलली. सर अजून उभेच होते.

प्रियंकानं मला उचललं, खिडकीकडं सरकून बसली आणि मला मांडीवर घेतलं. "बसा, सर," म्हणाली. सर बसले. गाव मागं पडेपर्यंत ती कवडीवरून बोट फिरवत होती.

मग हळू आवाजात, फक्त सरांना आणि मला ऐकू येईल असं, ती बोलली.

"बाबांची माफी मागितली तुमी. पण ते माझं होतं."

"व्हय," सर म्हणाले.

"मी त्याला सांगणार होते. साखरपुड्याच्या आधी, मी स्वतः. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्यानं न्हाई म्हणलं असतं तर न्हाई. पण तो व्हय म्हणला असता का, हे आता मला कधी कळणार न्हाई."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "याला माझ्याजवळ उत्तर न्हाई, बाई."

"उत्तर नकोच," प्रियंका म्हणाली. "तुमी उत्तर दिलं असतं तर मी उठून उभी राहिले असते."

बाहेर रानात हरभऱ्याची कोवळी हिरवळ दिसत होती. मी तिच्या मांडीवर होते आणि मला वाटत होतं, या गाडीत बसणारी माणसं किती गोष्टी मांडीवर घेऊन निघालेली असतात. काही आपल्या, काही दुसऱ्यांनी धरायला दिलेल्या. उतरताना ज्याची त्याला द्यायची, एवढंच तर असतं.

नरसी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "उद्यापासून मी बी याच गाडीनं येणार हाय. मला बाबांची जागा नको. मी माझी धरीन."

तिनं मला सीटवर ठेवलं. चौघडी न करता, पसरून ठेवलं. मागून दगडोबा माणसांतून वाट काढत आले. सरांच्या बाजूनं जाताना त्यांची पिशवी सरांच्या खांद्याला लागली.

"लागलं का?" ते पुढं बघतच म्हणाले.

"न्हाई," सर म्हणाले.

बापलेक उतरले. सरांनी मला खिशात घातलं नाही. फाट्यापर्यंत मी सीटवरच होते.

आता मी जुनी झाले आहे. माझी टीप एका बाजूनं उसवली आहे, लाल रंग कुठं लाल आणि कुठं पिवळा आहे, आणि कवडीला बारीक चीर गेली आहे. मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. मग निताताई माझं पोतेरं करतील, आणि पुसण्याच्या कामाला मी कधीच नाही म्हटलेलं नाही.

पण जाण्याआधी एक मागणं आहे. रिकाम्या जागेवर एखादी दस्ती दिसली तर तिला बाजूला सारू नका. कोणीतरी कोणाची तरी वाट बघत असतं. आणि तुम्ही स्वतः ती ठेवणार असाल, तर ज्याच्यासाठी ठेवली त्याचं जे काही तुमच्याजवळ असेल, तेही तसंच धरून ठेवा. दुसरं कोणी मागायला आलं, तर एवढंच म्हणा की धन्याला विचारा.

आणि एक सांगायचं राहिलंच. दिवाळीच्या तोंडावरच्या त्या संध्याकाळनंतरची रात्र सरांनी कशी काढली ते मला माहीत नाही. मी खुंटीवरच्या सदऱ्यात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसीला बापलेक दोघं चढले. प्रियंका पुढच्या एका सीटवर जाऊन बसली. दगडोबांनी मला उचललं, माझ्याच अंगानं तोंड पुसलं, "सरका, सर," म्हणाले आणि खिडकीजवळ बसले.